नामाचे पुढे काय झाले?

परवा संध्याकाळी शेजारची मुलगी पुस्तक परत द्यायला आली. ती वर्ध्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी हा तिचा मुख्य विषय. पुस्तक होते उद्धव शेळके यांची 'धग'. माझ्याजवळची ही प्रत फार जुनी. पुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी पडलेली, वर कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचे कव्हर. पुस्तक टेबलावर ठेवले की ही मुलगी एरवी लगेच पळते. त्या दिवशी उभीच राहिली. डोळे जरा सुजल्यासारखे दिसत होते. मी म्हटले, "बस ना." ती बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "काका, नामाचं पुढे काय झालं असेल हो?"

मला वाटले होते, ती कौतिकविषयी विचारील. 'धग' ही कौतिकची कादंबरी आहे. परीक्षेत प्रश्न येतो तो कौतिकच्या व्यक्तिरेखेवर, समीक्षकांनी लिहिले तेही कौतिकवर, आणि त्यात चूक काही नाही. दारिद्र्याशी अशी उभी झुंज घेणारी बाई मराठी कादंबरीत फार थोड्या वेळा आली आहे. पण या मुलीच्या मनात घर करून बसला होता तो कौतिकचा धाकटा मुलगा. ज्याच्या घरात खायला नाही, ज्याच्या बापाला महारोग झाला आहे आणि ज्याच्याकडे बघायला आईखेरीज कुणाला वेळ नाही, असा मुलगा.

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. लेखक जिथे थांबतो तिथून पुढचे वाचकाने मनात लिहायचे असते, वगैरे. मास्तरकी केलेल्या माणसाजवळ अशी वाक्ये तयारच असतात. ती गेली. मी मात्र दिवा न लावता बराच वेळ बसून राहिलो. कारण हाच प्रश्न मी स्वतः विसाव्या वर्षी विचारला होता, आणि तो विचारताना ज्या एका गोष्टीकडे पाठ फिरवली होती ती मला आजवर कुणाला सांगता आलेली नाही.

'धग' १९६० साली आली. शेळके जन्माने आमच्या जिल्ह्याचे. १९३० साली हिंगणघाटला जन्मले. त्यांचे पुढचे आयुष्य अमरावतीला गेले आणि तिथेच १९९२ साली ते वारले. शिंप्याच्या घरातली ही कथा त्यांनी वऱ्हाडी बोलीच्या अंगाने लिहिली. आमच्याकडच्या वाचकाला ती वाचताना वाचतो आहोत असे वाटत नाही. ओसरीवर बसून शेजारच्या घरातले भांडण कानावर यावे तसे ते येते. शेळके कुठे गळा काढत नाहीत. बघा हो, या पोराची कशी दशा झाली, असे म्हणायला ते एकदाही थांबत नाहीत. म्हणून तर वाचणाऱ्याचा गळा दाटतो.

याच हिंगणघाटात १९१४ साली बाबा आमटे जन्मले. मला हा योगायोग नेहमी विचार करायला लावतो. एकाने महारोग शिरलेल्या घराची आतली बाजू कागदावर आणली. दुसऱ्याने घराबाहेर काढलेल्यांसाठी वरोऱ्याला आनंदवन उभे केले. कापसाच्या गाठींसाठी आणि जिनिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या एका गावाकडे ही दोन माणसे जमा आहेत, हे हिंगणघाटात तरी किती जणांच्या ध्यानी असते कोण जाणे.

तर मी विसाव्या वर्षी 'धग' वाचली. नागपूरला एका खोलीत तिघे मिळून राहत होतो. सोबतचे दोघे झोपल्यावर कंदिलाची वात बारीक करून वाचली. पहाटे संपली तेव्हा उशी ओली होती. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. आपल्याला रडू आले म्हणजे आपण चांगले आहोत, आपले मन शाबूत आहे, अशी एक गोड समजूत त्या वयात होते. सकाळी मित्राला मी ती सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणालो, "यार, त्या नामाचं पुढे काय झालं असंल?"

मित्राने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "आपल्या पित्याचं जे झालं तेच."

हा मित्र माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. आम्ही दोघे हसलो. हसण्यासारखे काही नव्हते, तरी हसलो. मग विषय बदलला.

पित्या आमच्या वर्गात होता. गावाचे नाव सांगत नाही, कारण गाव वाईट नव्हते. जिल्ह्यातले बऱ्यापैकी मोठे गाव, बाजाराचे. शाळेत टाटपट्ट्या होत्या. पाचवी-सहावीच्या त्या वर्षांत, म्हणजे १९६५-६६च्या सुमारास, एका टाटपट्टीवर आम्ही सहा-सहा पोट्टे मांडीला मांडी लावून बसत असू. शेवटच्या टाटपट्टीवर एकच मुलगा बसायचा. तिथे खिडकी होती, हवा चांगली येते, असे गुरुजी म्हणत. त्याला तिथे बसवले होते ते हवेसाठी नाही, हे त्यालाही माहीत होते आणि आम्हालाही.

त्याच्या बापाच्या हाताची बोटे झडली होती. महारोगाला आमच्याकडे जुनी माणसे रक्तपिती म्हणत. पोरांनी त्याचे केले रगतपित्या, आणि रोज हाक मारायला एवढे लांब नाव पुरत नाही म्हणून पित्या. पोराला स्वतःला काही झाले नव्हते. तो धडधाकट होता, पळायला वर्गात सगळ्यांत चपळ. पण पळायच्या खेळात त्याला घेत नसत. कारण पळणाऱ्याला पकडायचे म्हणजे शिवावे लागते.

कुणी त्याला रोज मारत होते असे नाही. मारायलाही हात लावावा लागतो. त्याचा छळ हात न लावता होत असे. रांजणाजवळ तो आला की रांगेतली पोरे एकदम मागे सरत. त्याच्या पाटीवर कुणाची पेन्सिल पडली तर ती पेन्सिल तशीच राहायची. एखाद्याने चुकून उचलली तर दिवसभर तो 'बाटलेला'. मग दुसऱ्या कुणाला शिवून त्याने आपली सुटका करून घ्यायची. हा खेळ पाळीपाळीने चाले आणि मोठ्या आनंदाने चाले. "त्याच्याजवळ कायले बसतं बे?" हे वाक्य मी दोन वर्षांत किती वेळा ऐकले आणि किती वेळा स्वतः म्हटले, त्याचा हिशेब नाही.

मी पुढाऱ्यांपैकी नव्हतो. असा मुलगा प्रत्येक वर्गात एक-दोनच असतो. आमच्यातला तो पुढे चांगला निघाला, आता नातवंडांत रमला आहे. मी त्या उरलेल्या पस्तिसांपैकी एक, जे पुढाऱ्याच्या विनोदाला हसतात. त्यांच्या हसण्यावाचून तो विनोद दोन दिवस टिकला नसता.

आता प्रश्न असा की, ज्या मुलाने दोन वर्षे हे केले, त्यालाच आठ-नऊ वर्षांनी नामासाठी रडू कसे आले? त्याचे मन मधल्या काळात बदलले म्हणावे, तर मग चहा पिता पिता पित्यावर हसला तो कोण?

मला वाटते, कादंबरीतल्या पोराची गोष्टच वेगळी असते. त्याच्या घरात आपण मागच्या दाराने शिरलेलो असतो. चूल का पेटली नाही, सदरा का फाटला, तो शाळेत उशिरा का आला, हे त्याने न सांगताच आपल्याला ठाऊक असते. वर्गातल्या पोराचा मात्र फाटका सदराच तेवढा दिसतो. त्याच्या घराचे दार आपल्याला बंद असते. शिवाय कादंबरीतले पोर जवळ येत नाही. त्याच्या अंगाला वास नाही. आपल्या डब्यातली चटणी ते मागत नाही, आपल्या गिलासाने पाणी पीत नाही. आणि सगळ्यांत सोयीची गोष्ट म्हणजे आपण त्याची बाजू घेतली हे कुणाला दिसत नाही. नामाच्या बाजूने रडायला मला कंदिलाच्या तेलापलीकडे काही खर्च आला नाही. पित्याच्या शेजारी जाऊन बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत मलाही एक नाव मिळाले असते.

नावावरून मला एक इंग्रजी कादंबरी आठवते. विल्यम गोल्डिंग हा इंग्लंडात सॉल्झबरीच्या एका शाळेत मास्तर होता, म्हणजे पोरे त्याने जवळून पाहिली होती. त्याची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' १९५४ साली निघाली; पुढे १९८३ साली त्याला नोबेल मिळाले. एका निर्जन बेटावर विमान कोसळते आणि उरतात ती फक्त मुले. त्यांत एक जाडा, दम्याचा, चष्मा लावणारा मुलगा आहे. बेटावर सगळ्यांत जास्त अक्कल त्याच्याजवळ आणि सगळ्यांत जास्त चेष्टाही त्याच्याच वाट्याला. रानटी झालेल्या टोळीचा म्होरक्या जॅक त्याला छळतो, आणि शेवटी वरून लोटलेल्या धोंड्याखाली तो मरतो. हे सगळ्या वाचकांच्या लक्षात राहते. माझ्या लक्षात राहिले ते पहिल्या काही पानांतले. हा मुलगा राल्फला, म्हणजे कादंबरीतल्या चांगल्या मुलाला, विश्वासाने सांगतो की जुन्या शाळेत मला पोरे पिगी म्हणायची, तेवढे कुणाला सांगू नकोस. आणि राल्फ ते सगळ्यांसमोर सांगून टाकतो. सगळे हसतात. तिथून पुढे तो पिगीच. त्याचे खरे नाव काय, हे कादंबरी संपेपर्यंत कुणी विचारत नाही आणि लेखकही ते सांगत नाही.

शेवटी राल्फ त्या मित्रासाठी ओक्साबोक्शी रडतो. समीक्षक त्या रडण्याचे पुष्कळ अर्थ लावतात. मला मात्र प्रत्येक वेळी वाटते की, त्या धोंड्याला पहिला धक्का राल्फने दिला होता, नाव फोडले तेव्हा. जॅकसारख्यांचा निदान अंदाज असतो. राल्फसारख्यांवर पोरे विश्वास टाकतात.

आता माझ्या जिल्ह्याची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळे लांबच्या बेटावरचे वाटेल.

महारोग्यांच्या सेवेचा इतिहास लिहायचा तर वर्धा जिल्ह्यावाचून तो लिहिता येणार नाही. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. त्या काळी या आजारावर धड औषध नव्हते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे आणि माणसाला हाताला काम देणे एवढेच करता येत होते, ते त्यांनी आयुष्यभर केले. १९३९ साली संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना हा रोग होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या, अंगाला मालिश केले. त्यांची कुटी आजही सेवाग्रामला दाखवतात. गांधीजींच्या नावाने १९५१ साली निघालेल्या कुष्ठरोग प्रतिष्ठानचे मुख्य ठाणेही वर्धाच. डॉ. वर्देकरांनी तिथून जी पद्धत घालून दिली ती साधी होती: घरोघरी आणि शाळाशाळांत जाऊन रोगी शोधायचे, लोकांना समजावून सांगायचे आणि त्यांच्या दारातच औषध द्यायचे. डॅप्सोनच्या गोळ्या तोपर्यंत आल्या होत्या. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी अनेक औषधे एकत्र देण्याची नवी पद्धत देशातल्या ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांतही वर्धा होता.

या सगळ्याचा आम्हाला अभिमान होता. आमच्या शाळेत दरवर्षी ३० जानेवारीला परचुरे शास्त्रींची गोष्ट सांगितली जाई. गुरुजी ती सांगायचेही फार छान. गांधीजी खाली बसून त्या पंडिताच्या पायाला तेल लावतात, हे ऐकताना वर्ग चिडीचूप होत असे. एका वर्षी तर गुरुजींचाच आवाज भरून आला. ती गोष्ट आमच्याबरोबर शेवटच्या टाटपट्टीवरचा मुलगाही ऐकत होता. शाळा सुटल्यावर पोरांनी त्याच्यामागे खडे टाकत, "पित्या, तेल लावू काय बे?" म्हणत त्याला ओढ्यापर्यंत नेला.

कादंबरीत आणि या गोष्टीत त्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. गांधीजी त्या गोष्टीत होते, आम्ही ऐकणारे होतो. त्या पंडिताविषयी आम्हाला खरोखर वाईट वाटले. जे वाटले ते शाळेच्या फाटकापर्यंत पुरले.

आणखी एक प्रसंग आहे. तो सांगावा की नाही असे दोनदा वाटून गेले, पण तो गाळला तर बाकीचे खोटे होईल.

त्या वर्षी कुष्ठरोगाची तपासणी करणारे कार्यकर्ते शाळेत आले. खाकी पिशवी, सायकल, डोक्याला रुमाल. मैदानात उन्हात आम्हाला सदरे काढून ओळीने उभे केले. ते एकेकाची पाठ, दंड, मांड्या बघत, कोपराजवळची शीर चाचपून पाहत आणि पुढे जात. पित्याला त्यांनी नीट तपासले आणि मोठ्याने म्हणाले, "एकदम साफ." पुढे चार-पाच पोरे सोडून माझ्याजवळ आले आणि थांबले. माझ्या डाव्या दंडावर फिकट चट्टा होता. मला ओळीच्या बाहेर उभे केले.

तेवढ्याशा वेळात काय झाले ते मला अजून दिसते. माझ्या दोन्ही बाजूंची पोरे सरकली. कुणी काही बोलले नाही. माझा रोजचा सोबती, ज्याच्याबरोबर मी एका डब्यात खात होतो, तो दुसऱ्या टोकाला जाऊन सदरा घालू लागला. मैदान एकदम फार मोठे झाले. एकटाच मुलगा माझ्याकडे सरळ बघत होता. पित्या हसत नव्हता. आपल्या ओसाड गावात पहिल्यांदाच कुणी पाहुणा यावा तसे तो माझ्याकडे बघत होता.

कार्यकर्त्याने मला डोळे मिटायला सांगितले, कापसाची वात चट्ट्यावर टेकवली आणि विचारले, "कुठे लागलं? बोट लाव." मी बोट लावले. तीनदा विचारले, तीनदा बरोबर लावले. महारोगाचा चट्टा असता तर तिथली स्पर्शाची जाणीव गेलेली असती. "शिबं आहेत," ते म्हणाले, "जा, साबण लाव." पोरे हसली, मीही हसलो आणि ओळीत परत गेलो. जागा झाली. सगळे पुन्हा मांडीला मांडी लावून बसले.

ज्याला स्वतःला काटा टोचला त्याला दुसऱ्याचे दुःख कळते, असे आपण म्हणतो. मला तो काटा टोचला होता. सुमारे पंधरा मिनिटे टोचला होता. दुसऱ्या दिवशी पित्या रांजणाजवळ आला तेव्हा मी इतरांबरोबर मागे सरलो. उलट दोन पावले जास्तच सरलो असेन, कारण आपण त्याच्या गावचे नाही हे सिद्ध करण्याची गरज आता मला इतरांपेक्षा अधिक होती. त्याने ते पाहिले. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधीच तसे बघितले नाही.

सातवीला तो शाळेत नव्हता. कुणी म्हणाले, बाप दत्तपूरला गेला. कुणी म्हणाले, सगळे कुटुंबच कामाला बाहेर पडले. मी चौकशी केली नाही.

पुढे मी मास्तर झालो. तीस वर्षे याच जिल्ह्यातल्या गावांत शिकवले. कुणाला वाटेल की, मग प्रायश्चित्त घडले असेल. तसे सरळ काही झाले नाही. पहिली काही वर्षे कुणाला चिडवताना पोर सापडले की मी पट्टीने बडवत असे. मला त्यात समाधान मिळे; ज्याला चिडवले त्याला मात्र शाळा सुटल्यावर दुप्पट भोगावे लागे, हे मला फार उशिरा कळले. सगळ्या वर्गासमोर मी एखाद्या पोराची कणव केली की त्याच्या कपाळावर आणखी एक शिक्का बसे. त्यापेक्षा वर्गातला सगळ्यांना हवाहवासा मुलगा काही न बोलता त्याच्या शेजारी बसवला, दोघांना मिळून नकाशा काढायला दिला, तर महिन्याभरात पुष्कळ काम होते. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवले नाही. चार-पाच पोरांचे हाल झाल्यावर माझे मी शिकलो.

महारोगाची भीती तोपर्यंत उतरत चालली होती. औषधाने माणूस पूर्ण बरा होतो, उपचार सुरू झाल्यावर लवकरच त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही, आणि बहुतेक माणसांच्या अंगात मुळातच या जंतूला तोंड देण्याची ताकद असते, हे गावोगाव माहीत झाले. दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, या पातळीला देश २००५ साली पोचला. नवे रुग्ण अजून सापडतात, पण बोटे झडेपर्यंत थांबणारे थोडे. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागण्याची कायद्यातली सोय मात्र जायला २०१९ साल उजाडले. औषध आधी पोचले, कायदा मागून आला.

शेवटची टाटपट्टी मात्र रिकामी राहिली नाही. टाटपट्ट्या जाऊन बाक आले, एवढेच. कापसाने मारलेल्या वर्षांत आमच्या भागात एकामागून एक शेतकऱ्यांनी विष घेतले. २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता. मदतीचे आकडे वर्तमानपत्रांत आले. माझ्या वर्गात आला तो दहा वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या बापाने पोळ्याच्या आदल्या दिवशी फवारणीचे औषध घेतले होते. आठवडाभर गावाने त्याला कुरवाळले. महिन्याभरात पोरांनी त्याला त्या औषधाच्या कंपनीचे नाव ठेवले. पोरे दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. त्याच पोरांनी त्या वर्षी गॅदरिंगमध्ये शेतकरी आत्महत्येवर नाटक बसवले होते, आणि त्यात बाप मरतो तेव्हा बायाबापड्या पदराने डोळे पुसत होत्या. हा मुलगा प्रेक्षकांत मागे उभा होता. त्याला नाटकात घेतले नव्हते.

ही अशी पोरे पुढे काय करतात? काही लिहितात. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाला 'अक्करमाशी' असे नाव दिले, लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली 'उचल्या', किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर'. जो शब्द तोंडावर फेकला तोच उचलून त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर छापला. काळे यांनी तर बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले. ही पुस्तके वाचताना आपण हळहळतो आणि लेखकाला दाद देतो, ती द्यायलाच हवी. पण ज्याने लिहिले त्याला निदान आपल्याला बोलावून चार शब्द सुनावता आले. शंभरातल्या नव्याण्णवांनी काही लिहिले नाही. ते कुठल्याशा गिरणीत, गॅरेजमध्ये, पहाटेच्या भाजीबाजारात आपले आयुष्य काढतात आणि आपण त्यांच्याकडून वांगी घेतो.

म्हणून त्या मुलीचे सुजलेले डोळे मला खोटे वाटले, असे मात्र नाही. पुस्तक वाचून रडणाऱ्याला हसणारे लोक मला आवडत नाहीत. नामासाठी ज्याला रडू येत नाही त्याला पित्यासाठी येण्याचा संभव त्याहून कमीच. माझे इतकेच म्हणणे आहे की, ते रडू वर्गापर्यंत आपण होऊन चालत येत नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून आणावे लागते, आणि माझ्या बाबतीत ते काम मी केले नाही.

काल ती मुलगी पुन्हा आली. मीच बोलावले होते. पहिल्या दिवशी नुसते वाक्य फेकून तिला वाटेला लावले, त्याची चुटपूट लागली होती. तिला हे सगळे सांगितले, शिबांचा प्रसंगसुद्धा. तिने मध्ये काही विचारले नाही. वर्गातल्या एका मुलीविषयी तिने मग आपण होऊन काही सांगितले, ते तिचे आहे म्हणून इथे लिहीत नाही. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "काका, त्या मुलाचं खरं नाव काय होतं?"

मी सांगायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो.

हजेरीत माझ्यानंतर तिसरा नंबर त्याचा होता. गुरुजी रोज नाव घ्यायचे, मागून "हजर" असा बारीक आवाज यायचा, आणि त्या आवाजावर पोरे खाकरायची. तो आवाज मला आता, या क्षणीही ऐकू येतो. वर्गातली बाकीची नावे मी आडनावांसकट ओळीने म्हणून दाखवू शकतो. काल रात्री म्हणून पाहिली. त्या नंबरापाशी आलो की गुरुजींचे तोंड हलताना दिसते, आणि मग एकदम "हजर".